मांजरीच्या दक्षिणेची डोंगररांग आणि एक चित्रवही

पुण्याच्या पूर्वेकडच्या मांजरीतल्या कुठल्याही चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे तोंड केलं, की हडपसर-फुरसुंगीच्या इमारतींमागे एक लांबलचक, जवळजवळ सरळ रेघ दिसते. उजवीकडे ती कात्रजच्या दिशेने जाते, डावीकडे लोणी-उरुळीवरून पुढे बारीक होत जाते. मध्ये एका ठिकाणी दिवे घाट आहे. पावसाने हवा धुतली गेली की घाट चढणाऱ्या गाड्यांच्या काचा इथूनही क्षणभर चमकतात. सिंहगडापासून निघून कात्रज, दिवे घाट, मल्हारगड असं करत यवतजवळच्या भुलेश्वरापर्यंत गेलेला सह्याद्रीचा हा फाटा. भूगोलाच्या पुस्तकांत त्याचं नाव सिंहगड-भुलेश्वर रांग. तिच्या उत्तरेला मुळा-मुठेचं खोरं, दक्षिणेला कऱ्हेचं.

पुण्यातला डोंगरवेडा माणूस शनिवारी रात्री सॅक भरतो ती पश्चिमेला जाण्यासाठी. राजगड, तोरणा, लोहगड, फार तर कात्रज ते सिंहगड अशी रात्रीची चाल. रांगेचा पूर्वेकडचा भाग त्याच्या यादीत सहसा नसतो. तो उघडा, कोरडा, वर्षातले सात-आठ महिने तपकिरी. ‘तिकडे बघण्यासारखं आहे काय?’ हा प्रश्न मी मांजरीतच वारंवार ऐकला आहे. माझं उत्तर असं, की एक वही आणि पेन्सिल घेऊन त्या डोंगरासमोर तासभर बसा आणि तो कागदावर काढा. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल. काढायला बसलं की प्रत्येक रेघेला कारण विचारावं लागतं. माथा सपाट का? उतारावर पायऱ्या का? लांबचा डोंगर निळा आणि जवळचा तांबूस का? या घळीत झाडं आणि शेजारच्या सोंडेवर नुसतं गवत, असं का? नुसतं फिरून आलेल्या माणसाला हे प्रश्न पडत नाहीत, कारण त्याला उत्तराची गरज लागत नाही. चित्र काढणाऱ्याला पुढची रेघच उत्तराशिवाय ओढता येत नाही.

सुरुवात माथ्यापासून करू. हिमालयाचं चित्र काढणारा त्रिकोण काढतो. आपल्याकडची लहान मुलंही दोन त्रिकोण काढून मध्ये सूर्य बसवतात. पण या रांगेत त्रिकोण जवळजवळ सापडत नाही. इथली मुख्य रेघ आडवी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला, पसरला, थिजला. मग पुन्हा आला, पुन्हा पसरला. असे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक बसत गेले आणि आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग त्यांनी व्यापलेला आहे. नंतरच्या काळात पाण्याने त्या चवडीत दऱ्या कोरल्या. ज्याला आपण डोंगर म्हणतो तो मधल्या जागा वाहून गेल्यावर उरलेला भाग. म्हणून माथे सपाट, आणि शेजारशेजारच्या डोंगरांचे माथे जवळपास एकाच उंचीवर.

पायऱ्यांचं कारणही या थरांतच आहे. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश थंड झाला, म्हणून तो घट्ट आणि टणक. वरच्या भागात वायूंचे बुडबुडे अडकले, म्हणून तो सच्छिद्र आणि ठिसूळ. टणक भाग कड्यासारखा उभा राहतो, ठिसूळ भाग झिजून उतार होतो. कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. हातात पेन्सिल असेल तर हे लगेच कळतं. उभी छोटी रेघ, मग तिरकी लांब रेघ. आणि जिथे एक उभी रेघ संपते, तिथून नजर सरळ आडवी नेली तर शेजारच्या सोंडेवरही तेवढ्याच उंचीवर तशीच उभी रेघ असते. मधली दरी कोरली जाण्याआधी तो एकच थर होता. दोन सोंडांवरच्या या रेघा कागदावर एका पातळीत आणल्या की चित्रातला डोंगर जमिनीवर बसतो.

दिवे घाटाचं नाव भूवैज्ञानिकांच्या तक्त्यातही आहे. दख्खनच्या लाव्हाथरांचे जे गट भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने केले, त्यांतल्या एकाला ‘दिवेघाट’ म्हणतात. त्याच्या खाली ‘कार्ला’ आणि वर ‘पुरंदरगड’ हे गट येतात. सासवडच्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या माणसाला आपल्या घाटाचं नाव खडकांच्या तक्त्यात आहे याची कल्पना नसते. कात्रजच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीकडे पाहिलं तर काळ्या दगडाच्या मध्ये विटकरी-तांबडा पट्टा दिसतो. एक लाव्हा येऊन गेल्यावर पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला, पृष्ठभागाची माती झाली, राख साठली आणि वरून आलेल्या नव्या लाव्ह्याने ती भाजली. तिच्यातल्या लोहाच्या ऑक्साइडने तो रंग आला. चित्रकाराला या पट्ट्याचं महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे, पण ते रंगांच्या वेळी सांगतो.

मांजरीकडून दिसते ती रांगेची उत्तर बाजू, आणि या एका गोष्टीवर चित्राचा सगळा उजेड अवलंबून आहे. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो; डिसेंबरात भर दुपारीसुद्धा तो आकाशात जेमतेम ४८ अंश चढतो. त्यामुळे हिवाळ्यात आपल्या बाजूचा उतार बराच वेळ सावलीत किंवा तिरप्या उजेडात असतो आणि डोंगर सपाट, निळसर पडद्यासारखा वाटतो. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि उत्तरेचे उतार उजळतात. पावसाच्या आधीच्या त्या पंधरा-वीस दिवसांत रांगेतली प्रत्येक घळ मोजता येते. जलरंगात डोंगराचं शरीर दाखवायचं असेल तर हेच दिवस. नुसती बाह्यरेखा आणि अंतराचा भास हवा असेल तर डिसेंबरची सकाळ.

सूर्याच्या या फिरण्याचा परिणाम झाडांवरही होतो. उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारांवर ऊन कमी पडतं, ओल जरा जास्त टिकते, म्हणून घळींच्या आतल्या बाजूला झाडी जमते. तोच डोंगर ओलांडून दक्षिणेला गेलं की झाडं विरळ होतात. शिवाय दिवे घाट चढून वर आल्यावर समोर उतार लागत नाही, सासवडचं पठार लागतं. मांजरीकडून जो डोंगर वाटतो तो खरं तर एका उंच पठाराची कड आहे. मी हे नकाशात अनेकदा पाहिलं होतं, पण घाटमाथ्यावर बसून दोन्हीकडची चित्रं समोरासमोरच्या पानांवर काढली तेव्हा ते मनात पक्कं बसलं. एका पानावर खोल, धुरकट खोरं. दुसऱ्यावर रुंद, उजळ माळ.

आता निळेपणा. दूरचा डोंगर निळा दिसतो कारण आपल्या आणि त्याच्या मधली हवा सूर्यप्रकाशातला निळा भाग जास्त विखुरते. जितकं अंतर जास्त तितकी मधली हवा जास्त, तितका डोंगराचा स्वतःचा रंग पुसट. लांबच्या डोंगराला फिकट निळा, मधल्याला करडा-जांभळा, जवळच्याला गडद आणि उबदार रंग, हा जलरंगाचा पहिला धडा इथूनच येतो. मात्र पुण्याच्या पूर्वेला त्यात भर घालावी लागते. हिवाळ्याच्या पहाटे नदीच्या खोऱ्यात थंड हवा खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण येतं आणि धूर, धूळ, धुकं सगळं खाली कोंडून राहतं. त्या वेळी रांगेचा पायथा नाहीसा होतो आणि माथा तेवढा वर तरंगतो. हे दृश्य रम्य आहे, पण रंगवताना त्यातला पिवळट-करडा थर शहराच्या धुराचा आहे हे लक्षात ठेवावं. मी तो रंग स्वच्छ निळा करून टाकत नाही. जे आहे ते चित्रात यायला हवं.

गच्चीवरून दिसणारी आणखी एक रेघ माणसाने आखलेली आहे. खडकवासल्याचं धरण १८७९ साली पूर्ण झालं आणि मुठा उजव्या कालव्याचं पाणी हडपसरवरून पूर्वेकडे आलं. कालवा उताराच्या कलानेच जातो, त्यामुळे त्याच्या खाली हिरवं आणि वर तपकिरी अशी सीमारेषा तयार झाली. मांजरीचा ऊस, भाजीपाला, इंग्रजांच्या काळात इथे उसाच्या प्रयोगांसाठी उभं राहिलेलं सरकारी शेत, पुढे १९७५ साली सुरू झालेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था, १९९७ सालचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, हे सगळं पाण्याच्या जोरावर झालं. पाण्याच्या वर जे राहिलं ते इथलं मूळचं कोरडं निसर्गरूप. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास आणि दौंडकडे त्याहूनही कमी. सह्याद्रीने ढग रिकामे करून पाठवले की उरलेल्यावर हे डोंगर जगतात.

इतक्या पाण्यावर घनदाट जंगल उभं राहत नाही. गवत उभं राहतं, आणि इथलं गवत ही फार मोठी गोष्ट आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस या उतारांवर जा. कुसळी पिकून तांब्याच्या रंगाची झालेली असते. तिच्यात मारवेल, पवना असतात. पण सगळा डोंगर रंगवते ती कुसळीच. एक कुसळ तोडून तळहातावर घ्या. टोकाशी सुईसारखं अणकुचीदार, केसाळ बी. त्याच्या मागे बोटभर लांबीची काळसर शेपटी, मध्ये कोपरासारखी वाकलेली आणि दोरीसारखी पीळ पडलेली. तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. पीळ उलगडायला लागतो आणि शेपटी डोळ्यांदेखत गोल फिरते. वाळली की पुन्हा पीळ बसतो. दवाने ओली आणि उन्हाने कोरडी होत होत ही शेपटी बी जमिनीत गिरमिटाप्रमाणे रोवत जाते. बियावरचे केस मागे वळलेले असल्यामुळे एकदा आत गेलेलं बी बाहेर येत नाही. आपल्या मोज्यांतून कुसळं का निघत नाहीत त्याचं कारणही हेच. बारीक निबाचं पेन असेल तर ही एक शेपटी मोठ्या आकारात काढून पाहा. पीळ कोणत्या दिशेने आहे, वाकण कुठे आहे, हे काढताना अर्धा तास सहज जातो.

या गवताळ माळांना सरकारी कागदांत आणि बोलण्यातही पुष्कळदा ‘पडीक’ म्हटलं जातं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूरच्या माळांवर लांडगा आहे, खोकड आहे, चिंकारा आहे. चिंकाऱ्यांसाठी बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चंडोल, माळटिटवी, धाविक, पखुर्डी हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतात, दिवसा गवतावर अगदी कमी उंचीवरून घिरट्या घालतात आणि रात्री गवतातच वस्तीला बसतात. धनगरांच्या मेंढ्या याच गवतावर वाढतात. या सगळ्यांना झाडांची सावली नको, मोकळं रान हवं.

म्हणून दर पावसाळ्यात उत्साहाने होणारं वृक्षारोपण जिथे तिथे चांगलंच असतं असं मी मानत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड लवकर वाढतं, गुलाबी फुलतं, पण त्याला गुरं फारशी तोंड लावत नाहीत आणि त्याच्या दाट सावलीत इथलं गवत मरतं. उंदीरमारी हे त्याचं दुसरं नाव. खड्डे खणायचेच असतील तर घळींत, ओढ्यांच्या कडेला, जिथे मुळातच झाडं होती तिथे सालई, मोई, धावडा, हिवर, मेडशिंगी, पळस, पांगारा, गणेर लावावीत. कुठे काय लावायचं हेही चित्रवही सांगते. वर्षभर एकच उतार दर महिन्याला काढला, की झाडी नैसर्गिकपणे कुठवर येते आणि गवत कुठून सुरू होतं ती सीमा आपोआप कागदावर उमटते. वणव्याने काळा झालेला भाग, त्यातून पहिल्या पावसानंतर आलेली हिरवी पात, जूनमधले मखमली लाल मृगाचे किडे, ऑगस्टमधली दीपकाडी आणि कळलावी, मार्चमधला एकटा पिवळाजर्द गणेर, असं सगळं त्याच पानांच्या क्रमात येतं.

अशा पाहण्याला आपल्या भागात जुनी परंपरा आहे. पुण्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. त्याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार काम करत असे. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा त्याने काढला, ते चित्र १७९० सालचं. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आल्यावर सवाई माधवरावांच्या आश्रयाने चित्रकलेची एक शाळा निघाली आणि तांबट तिथे शिकला. त्याने कार्ल्याची आणि वेरुळची लेणी प्रत्यक्ष जागेवर जाऊन काढली. त्याची बरीच चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. कसबी घराण्यातला माणूस कागद घेऊन डोंगर चढतो, लेण्याच्या तोंडाशी बसतो आणि समोर आहे तसं काढतो, हे पुण्यात सव्वादोनशे वर्षांपूर्वी घडलं आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त हलवतं. आजच्या दापोडीला, मांजरीच्याच नदीवर पण वरच्या अंगाला, एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती उद्यान होतं. १८३८ पासून त्याचा अधीक्षक होता डॉ. अलेक्झांडर गिब्सन; १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याच सुमारास, १८४७ ते १८५० या काळात, त्याने एका चित्रकाराकडून उद्यानातल्या आणि परिसरातल्या वनस्पतींची दीडशेहून जास्त चित्रं काढून घेतली. ती एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत आणि एच. जे. नॉल्टी यांनी २००२ साली त्यांवर पुस्तक केलं. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. पान, फूल, फळाचा छेद, सगळं इतक्या बारकाईने काढणाऱ्या माणसाचं नाव नाही, आणि तरी दापोडीच्या त्या बागेत काय उगवत होतं याचा पुरावा त्याच्याच हातचा आहे.

पुढे कोल्हापूरला आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या परिसरात निसर्गचित्रं काढत राहिले. शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकारांत त्यांची गणना होती, आणि प्रत्यक्ष जागेवर बदलता उजेड पकडण्याचं त्यांचं कसब आजही चित्रकार अभ्यासतात. पुण्यात मिलिंद मुळीक यांच्या जलरंगांनी आणि त्यांवरच्या पुस्तकांनी हजारो हौशी लोकांना कागद घेऊन बाहेर बसायला लावलं. कलामहाविद्यालयांची मुलं ‘स्पॉट’ला, म्हणजे जागेवर बसून चित्र काढायला, जातात ती मात्र बहुतेक तुळशीबाग, कसबा, नदीवरचे घाट, वाई, मेणवली इथे. पूर्वेच्या माळाकडे त्यांनी यावं अशी माझी फार इच्छा आहे. तिथे घाट नाही, वाडा नाही, लपायला काही नाही. उजेड आणि आकार एवढ्यावरच चित्र उभं करावं लागतं.

आता कात्रजच्या घाटातल्या त्या तांबड्या पट्ट्याकडे वळतो. त्या भाजल्या मातीचा सुटा पडलेला मूठभर चुरा, रस्त्याच्या कडेला सहज मिळाला तर, घरी आणा. खलात कुटा, पाण्यात ढवळा, जाड कण खाली बसू द्या आणि वरचं तांबडं पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. असं दोन-तीनदा नितळलं की तळाशी जो मऊ गाळ बसतो तो वाळवून घ्या. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून गाळा. काचेवर थोडा गाळ, थोडं डिंकाचं पाणी, रंग तडकू नये म्हणून मधाचा एखादा थेंब आणि बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचा. बत्त्याने गोल गोल घोटत राहा. सुरुवातीला येणारी खरखर थांबली की रंग तयार. दुकानात मिळणाऱ्या जलरंगातही रंगकणांना धरून ठेवतो तो डिंकच, आणि तोही बाभळीच्याच भाऊबंदांतल्या एका आफ्रिकी झाडाचा. हा घरचा रंग कागदावर सपाट बसत नाही, कण कागदाच्या खड्ड्यांत साचतात आणि खडबडीत पोत येतो. पण घाटातल्या दरडीला तोच पोत शोभतो.

काळ्यासाठी दिव्यावर धरलेलं काजळ. मोडी कागदपत्रांची शाई काजळ आणि डिंक यांचीच, आणि लेखणी बोरूची, म्हणजे नदीकाठच्या नळाच्या जातीच्या गवताची. जुन्या दप्तरांचा पुष्कळसा कागद जुन्नरचा होता. हळदीचा आणि पळसाच्या फुलांचा पिवळा पहिल्या दिवशी झगझगीत असतो, पण उन्हात विटतो. दगड-मातीचे रंग टिकतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनी हेच ओळखलं होतं. त्यांचे तांबडे-पिवळे गेरूचे, हिरवा खडकाच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या हिरव्या मातीचा, काळा काजळाचा. जवळपास मिळत नव्हता तो फक्त निळा. त्यासाठी लाजवर्द अफगाणिस्तानातून आणावा लागला.

निळा दगड दख्खनमध्ये आहे, पण तो सापडायला विसावं शतक उजाडलं, आणि तो आहे आमच्या शेजारी. मांजरी खुर्दच्या पलीकडे वाघोली. तिथल्या दगडखाणींत काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये कॅव्हनसाइट नावाचं गडद निळं खनिज मिळतं: कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट. त्याची ओळख प्रथम अमेरिकेतल्या ओरेगनमधून झाली. पण त्याचे जगातले सर्वांत देखणे नमुने वाघोलीचे. पांढऱ्या स्फटिकांच्या गादीवर बसलेला, सुयांच्या गुच्छासारखा, नखाएवढा निळा गोळा. रंग म्हणून वाटण्याइतका तो कधीच मिळत नाही, आणि वाटूही नये. जगभरच्या संग्रहालयांत वाघोलीचं नाव लिहिलेली चिठ्ठी या दगडाशेजारी असते, आणि वाघोलीच्या शाळेतल्या मुलांनी मात्र तो बहुधा पाहिलेला नसतो. शाळांनी एक तरी नमुना मिळवून ठेवावा.

चालणं हीच कला मानणारेही कलावंत झाले. ब्रिटनच्या रिचर्ड लाँगने १९६७ साली एका कुरणात सरळ रेषेत पुन्हा पुन्हा ये-जा केली, गवत दबून रेघ उमटली, तिचं छायाचित्र काढलं. आधुनिक कलेच्या इतिहासात ते काम नोंदलं गेलं आहे. ज्ञानोबांची पालखी हडपसरहून सासवडला जाते त्या दिवशी दिवे घाट ज्याने पाहिला आहे, त्याला पायांनी काढलेल्या रेघेचं सौंदर्य नव्याने समजावण्याची गरज नाही. डोंगरावर जाऊन दगडांच्या उतरंडी रचण्याची जी टूम अलीकडे आली आहे, ती मात्र मला मान्य नाही. प्रत्येक दगडाखाली ओल असते; विंचू, पाली, फुरसं, मुंग्या यांचं घर असतं. दगड उचलला की ते घर मोडतं, आणि फुरसं असेल तर आपलीही धडगत नसते. खडकावर रंगाने नावं लिहिणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. कागदावर काढा, आणि डोंगर होता तसा ठेवून या.

मांजरीहून जाण्यासारख्या जागा फार लांब नाहीत. सर्वांत जवळ, सोलापूर रस्त्यालगत, कवडीपाट. मुळा-मुठेच्या या पट्ट्यात हिवाळी सकाळी चक्रवाक, शेकाट्या, पाणकावळे, धोबी, हळदीकुंकू बदकं दिसतात. पुण्याचं सांडपाणी याच पात्रातून येतं, फेस असतो, वास असतो, जलपर्णी असते. तरीही इथे बसून पक्षी काढावेत. हलणारा जीव काढताना हात धीट होतो. लोणी काळभोरजवळ रामदरा आहे, पाण्यात मंदिर आणि भोवती डोंगर. पाण्यातलं प्रतिबिंब शिकायला उत्तम. बोपगावजवळचा कानिफनाथ हा रांगेवरून दोन्हीकडे पाहण्याचा माथा. सासवडच्या बाजूने सोनोरीचा मल्हारगड चढायला सोपा आहे. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधला, आणि मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांतला तो शेवटचा मानला जातो. भुलेश्वराला यादवकालीन मंदिर आहे. तिथलं शिल्प काढायला एक अख्खा दिवस द्यावा, आणि मग बाहेर येऊन समोरचा माळ काढावा, कारण ते शिल्पही या डोंगरांसारख्याच बेसाल्टमध्ये कोरलेलं आहे.

सामान थोडंच लागतं. तळहाताएवढी नसेल पण एका हातात मावेल अशी वही, मऊ शिसाची एक पेन्सिल, एक शाईचं पेन, चार-पाच रंगांची डबी, पाण्याची बाटली. उन्हाळ्यात पूर्वेकडची हवा इतकी कोरडी असते की वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, कागदावर टेकेपर्यंत वाळतो. तेव्हा कागद आधी ओला करून घ्यावा. श्रावणात उलट, रंग वाळता वाळत नाही. तेव्हा पेन्सिलवरच भागवावं. टोपी हवी, पूर्ण बाह्यांचा सदरा हवा, आणि बसण्याआधी जागा काठीने पाहून घ्यावी. गवतातून चालताना मेंढपाळाच्या पायवाटेवरूनच चालावं. मार्च ते जून जमिनीवर अंडी असतात.

आणि एक काम प्रत्येकाने करावं. चित्राच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, जागेचं नाव आणि आपलं नाव लिहावं. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आलं. त्याच वेळी होळकरवाडी, औताडे-हांडेवाडी, वडाचीवाडी ही रांगेच्या पायथ्याकडची गावंही आली. या उतारांवर कुठे बांधायचं, कुठे झाडं लावायची आणि कुठे गवत तसंच ठेवायचं, हे येत्या काळातल्या आराखड्यांत ठरणार आहे. हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा दर महिन्याला एकाच जागेवरून काढलेली, तारीख घातलेली पानं आपल्या अर्जाला जोडा. हा उतार पडीक नव्हता, इथे अमुक महिन्यात अमुक गवत होतं, अमुक पक्षी होता, हे सांगायला ती उपयोगी पडतील. येत्या ऑक्टोबरपासून सुरुवात करा.